विंडोज ७ वरचं लाइव्ह मेल पासवर्ड घेत नाही: काय तपासायचं, काय वाचवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज ७ चा जुना लॅपटॉप, त्यावर विंडोज लाइव्ह मेल २०१२, आणि त्यात दोन खाती. जीमेलचं खातं सारखा पासवर्ड मागतं, बरोबर पासवर्ड दिला तरी घेत नाही. दुसरं खातं स्वतःच्या डोमेनचं. तिथं पासवर्ड मागितलाच जात नाही, पण सर्व्हरनं कनेक्शन अनपेक्षितपणे तोडल्याचा निरोप येतो. दहा-बारा वर्षांची मेल याच प्रोग्राममध्ये आहे, तो बदलायची इच्छा नाही, आणि कुणीतरी 'खाती काढून पुन्हा टाका' असं सुचवलंय.

आधी त्या सूचनेचं बघू. खातं काढायचं नाही. आऊटलुक एक्सप्रेस या जुन्या मेल प्रोग्राममध्ये पॉपच्या (म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या पद्धतीच्या) सगळ्या खात्यांची मेल एकाच इनबॉक्समध्ये पडायची, त्यामुळं खातं काढलं तरी मेल जागेवर राहायची. ती सवय अनेकांच्या हातात अजून आहे. लाइव्ह मेलमध्ये मात्र प्रत्येक खात्याची फोल्डरं वेगळी असतात आणि खातं काढलं की त्याखालची फोल्डरंही जातात. मेल पॉपनं उतरवलेली असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा पर्याय बंद असेल, तर ती मेल फक्त याच हार्ड डिस्कवर आहे, दुसरीकडं कुठंही नाही. प्रोग्राम अनइन्स्टॉल करून नव्यानं टाकण्याचा विचारही सोडा. लाइव्ह मेल ज्या संचात येतं त्या विंडोज इसेन्शियल्स २०१२ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १० जानेवारी २०१७ ला संपवला आणि अधिकृत डाउनलोडही काढून टाकलं. आज 'लाइव्ह मेल सेटअप' म्हणून शोधलं की जी पानं समोर येतात, त्यांच्यावरून काहीही उतरवू नका.

म्हणून दुरुस्तीच्या आधी बॅकअप. मेल कुठं असते ते सांगतो: सी ड्राइव्ह, मग यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट आणि त्यात विंडोज लाइव्ह मेल. ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर आहे, त्यामुळं आधी फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दिसतील असं करा. प्रोग्राम बंद करा, आणि टास्क मॅनेजर उघडून तो खरंच बंद झालाय का ते बघा. खिडकी बंद केली तरी मागं काहीतरी चालू राहतं, आणि चालू प्रोग्रामची मेल कॉपी केली तर एखादी फाइल अर्धवट येते. मग ते सगळं फोल्डर जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आत गेलात की इनबॉक्स, सेंट वगैरे ओळखीची नावं दिसतील आणि काही विचित्रही दिसतील. तुम्ही बनवलेल्या उपफोल्डरांची नावं अर्धी तोडून पुढं आकडे-अक्षरं चिकटवलेली असतात. घाबरू नका, मेल खराब झालेली नाही. लाइव्ह मेलची एक चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक मेल ही स्वतंत्र ईएमएल फाइल असते. त्यातली एक नोटपॅडमध्ये उघडून बघा: वर कुणाकडून, कुणाला, तारीख, विषय हे सरळ वाचता येतं, खाली मजकूर, आणि अटॅचमेंट असेल तर अक्षरांची लांबलचक भिंत. ही फाइल जवळजवळ कुठलाही मेल प्रोग्राम उघडू शकतो. म्हणजे तुमचा ऐवज लाइव्ह मेलमध्ये अडकलेला नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की 'प्रोग्राम गेला तर सगळं गेलं' ही भीती जाते आणि पुढचे निर्णय शांतपणे घेता येतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा आणि दहा-पंधरा फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न तपासलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

आता मूळ दुखणं. लाइव्ह मेल बिघडलेलं नाही. त्याच्यात इतक्या वर्षांत काहीच बदललेलं नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. बदलली ती समोरची बाजू. मेल आणताना चार गोष्टी ओळीनं घडतात: सर्व्हरचं नाव शोधणं, त्याच्या पोर्टवर (ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) पोचणं, दोघांनी एन्क्रिप्शनची एक पद्धत ठरवणं, आणि मग तुम्ही कोण हे पटवणं. तुमचं जीमेल चौथ्या पायरीवर अडलंय आणि डोमेनचं खातं तिसऱ्या. एकाच दिवशी लक्षात आलं म्हणून दोन्हीचं कारण एकच असणार असं वाटतं, आणि मग एकच उपाय दोन्हीकडं लावला जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातला प्रकार.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे त्या निरोपाच्या चौकटीतच लिहिलेलं असतं, पण ती चौकट बहुतेक जण वाचण्याआधी बंद करतात. लाइव्ह मेलच्या चौकटीत तपशील दाखवायचं बटण असतं. ते दाबलं की सर्व्हरचं नाव, पोर्ट, सुरक्षित कनेक्शन चालू की बंद आणि शेवटी एरर क्रमांक दिसतो. शेवटची अक्षरं बघा. ८००सीसीसी०डी म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही. ८००सीसीसी०ई म्हणजे नाव सापडलं, पण दार उघडलं नाही. ८००सीसीसी०एफ म्हणजे जोडणी झाली आणि मध्येच तुटली. ८००सीसीसी९२ म्हणजे सर्व्हरनं तुमची ओळख नाकारली. शिवाय सर्व्हरनं स्वतः काही उत्तर दिलं असेल तर तेही तिथं छापलेलं असतं. जीमेल कित्येकदा स्पष्ट सांगतं की 'ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड' हवा आहे. एवढं लिहिलेलं असताना लोक तोच पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसतात.

जीमेलपासून सुरुवात करू. तोच पत्ता आणि तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये टाकून बघा. तिथं आत जाता आलं तर पासवर्ड बरोबर आहे, तो बदलू नका. गुगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामनं आत येण्याची सोय काढून टाकली. नव्या पद्धतीत प्रोग्रामला तुमचा पासवर्ड कळतच नाही: लॉगिनचं पान गुगलचं उघडतं, तुम्ही तिथं ओळख पटवता आणि प्रोग्रामच्या हातात फक्त एक परवानगी येते. हिला ओऑथ म्हणतात. लाइव्ह मेलला ही पद्धत येत नाही आणि आता कुणी शिकवणारही नाही.

पण गुगलनं एक बाजूचं दार ठेवलंय, ते म्हणजे ॲप पासवर्ड. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, ते झाल्याशिवाय हा पर्याय दिसणार नाही. मग गुगल खात्याच्या सेटिंगमधल्या शोधपट्टीत 'ॲप पासवर्ड' शोधा, नाव काहीही द्या, आणि सोळा अक्षरांचा पासवर्ड मिळेल. तो चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो, टाकताना मधली मोकळी जागा सोडून द्या. लाइव्ह मेलमध्ये खात्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हर्स, आणि तिथं जुन्या पासवर्डच्या जागी हा टाका. तो पुन्हा दाखवला जात नाही, पण जपून ठेवायचीही गरज नाही. हरवला तर रद्द करून नवा काढता येतो. पुढं कधी गुगलचा मुख्य पासवर्ड बदललात तर हे ॲप पासवर्ड रद्द होतात आणि लाइव्ह मेल पुन्हा हटून बसतं, एवढं मात्र लक्षात असू द्या.

त्याच खिडकीत अ‍ॅडव्हान्स्ड टॅबही बघून घ्या. मेल येण्याचं पोर्ट पॉप असेल तर ९९५, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) असेल तर ९९३, आणि दोन्हीकडं सुरक्षित कनेक्शनच्या चौकटीत खूण. मेल जाण्यासाठी ४६५ आणि तिथंही खूण. 'माझ्या सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' ही खूण सर्व्हर्स टॅबवर खालच्या बाजूला असते. मेल येते पण जात नाही या तक्रारीत ती निघालेली असण्याची शक्यता बरीच असते. दुसरं कारण म्हणजे पोर्ट २५. स्पॅम रोखण्यासाठी इंटरनेट देणाऱ्या अनेक कंपन्या घरगुती कनेक्शनवर ते बंद ठेवतात, त्यामुळं जुन्या सेटिंगमध्ये २५ असेल तर ते बदलाच. आणि पॉपच वापरणार असाल तर अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण आत्ताच करा.

याहूचंही असंच आहे, तिथंही ॲप पासवर्ड काढावा लागतो. हॉटमेल आणि आऊटलुक डॉट कॉमच्या बाबतीत मात्र हा मार्ग बंद झाला. मायक्रोसॉफ्टनं वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून फक्त ओऑथ ठेवलं, त्यामुळं तिथं ॲप पासवर्ड टाकूनही काही होत नाही. गंमत अशी, की मायक्रोसॉफ्टच्याच लाइव्ह मेलमधून मायक्रोसॉफ्टचीच मेल बघता येत नाही. तुमचं तिसरं खातं तिथलं असेल तर लाइव्ह मेलमध्ये त्याच्यावर वेळ घालवू नका.

आता डोमेनचं खातं. त्या निरोपात संभाव्य कारणं म्हणून सर्व्हरची अडचण, नेटवर्कची अडचण किंवा 'बराच वेळ काही हालचाल नसणं' असं लिहिलेलं असतं. त्यातलं काहीही खरं नसण्याची शक्यता जास्त, कारण तो मजकूर फार जुन्या काळातला आहे. आजच्या घडीला, पासवर्ड विचारायच्या आधीच कनेक्शन तुटत असेल तर माझा पहिला संशय टीएलएसवर असतो.

टीएलएस म्हणजे एन्क्रिप्शनची बोलणी करण्याचे नियम. १.० ही आवृत्ती १९९९ ची, १.१ ही २००६ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. पहिल्या दोन मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवण्यात आल्या, आणि होस्टिंग कंपन्या (तुमच्या डोमेनची मेल ज्यांच्या सर्व्हरवर असते त्या) आपापल्या सवडीनं त्या बंद करत गेल्या. म्हणूनच कुणाचं खातं आधी बंद पडलं, कुणाचं आत्ता. तुमच्या होस्टिंगवाल्यानं सर्व्हर अपडेट केला असेल, त्याच रात्री तुमचं लाइव्ह मेल मुकं झालं.

विंडोज ७ ला टीएलएस १.२ येतं. हे अनेकांना माहीत नसतं. फक्त ते प्रोग्रामांसाठी आपोआप चालू नसतं, आणि लाइव्ह मेल एन्क्रिप्शनसाठी स्वतःचं काही आणत नाही, विंडोजकडून उसनं घेतं. तेव्हा विंडोजला सांगायला हवं. रेजिस्ट्री एडिटर उघडा, विंडोजची आतली सेटिंगं बदलायची जागा ती. काहीही बदलण्याआधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून ठेवा. मग लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सिक्युरिटी प्रोव्हायडर्स, एसचॅनेल आणि प्रोटोकॉल्स इथपर्यंत जा. तिथं 'टीएलएस १.२' नावाची 'की', म्हणजे फोल्डरसारखा कप्पा, बनवा. टीएलएस आणि १.२ यांच्यामध्ये एक स्पेस हवी. तिच्या आत 'क्लायंट' नावाची की. क्लायंटमध्ये ३२ बिटांच्या दोन डीवर्ड किमती बनवा: 'डिसेबल्ड बाय डिफॉल्ट' हे तीन शब्द एकत्र जोडून, किंमत ०, आणि 'एनेबल्ड', किंमत १. नावं अर्थातच इंग्रजीत टाकायची. स्पेलिंग चुकलं तर विंडोज तक्रार करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं, तेव्हा दोनदा वाचा. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा.

बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं. झालं नाही तर रेजिस्ट्रीत आणखी खोल जाऊ नका, कारण पुढची भिंत वेगळी आहे. टीएलएस १.२ च्या आतही एन्क्रिप्शनच्या जोड्या असतात, त्यांना सायफर सूट म्हणतात. आज सर्वांत जास्त वापरात असलेली, आरएसए सर्टिफिकेटबरोबर (सर्व्हरच्या एका प्रकारच्या ओळखपत्राबरोबर) चालणारी ईसीडीएचई आणि एईएस-जीसीएम ही जोडी विंडोज ७ च्या पोतडीत नाही. ज्या सर्व्हरनं कडक धोरण ठेवून तेवढीच जोडी ठेवलीय, त्याच्याशी विंडोज ७ ची बोलणी १.२ चालू करूनही फिसकटतात.

तुमच्या बाबतीत नेमकं हेच होतंय का, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. त्याच लॅपटॉपवर थंडरबर्ड हा दुसरा, फुकट मेल प्रोग्राम टाका. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ११५ ची, त्यातली अगदी शेवटची आवृत्ती घ्या. डोमेनचं खातं त्यात आयमॅपनं जोडा, सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड तेच. थंडरबर्ड एन्क्रिप्शनसाठी विंडोजवर अवलंबून नसतं, स्वतःची लायब्ररी आणि भरवशाच्या सर्टिफिकेटांची स्वतःची यादी बरोबर आणतं. त्यामुळं ते जोडलं गेलं आणि लाइव्ह मेल नाही, तर दोष विंडोजच्या टीएलएसमध्ये. दोन्ही अडले तर पासवर्ड, सर्व्हरचं नाव किंवा अँटिव्हायरस बघा. फोनवर होस्टिंगवाल्याशी वाद घालण्यापेक्षा ही चाचणी कितीतरी जास्त सांगून जाते.

अँटिव्हायरसचं नाव उगाच घेतलेलं नाही. मेल तपासण्यासाठी तो प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यामध्ये जाऊन बसतो, एन्क्रिप्शन स्वतः सोडवतो आणि पुन्हा स्वतःच्या सर्टिफिकेटनं बांधतो. जुन्या मशीनवर तोही जुना असतो, आणि त्याचंच टीएलएस मागं पडलेलं असतं. पूर्ण अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही, त्यातली ईमेल स्कॅनिंग एवढीच सोय बंद करून बघा. फाइल उघडताना होणारी तपासणी चालूच राहते.

सर्टिफिकेटची तक्रार येत असेल तर आधी घड्याळ बघा. वेळ बरोबर आणि साल चुकलेलं असं नेहमी दिसतं, म्हणून तारीख सालासकट वाचा. जुन्या मदरबोर्डवरचा बटण सेल, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२, संपला की प्लग काढल्यावर तारीख मागं जाते आणि विंडोजच्या दृष्टीनं सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं. काही लॅपटॉपांत हा सेल तारेनं जोडलेला असतो, तेव्हा उघडून बघूनच घ्या. तारीख ठीक असेल तर निरोपात 'सीएन नेम' जुळत नाही असं लिहिलंय का ते वाचा. तसं असेल तर तुम्ही टाकलेलं सर्व्हरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव वेगळं आहे. स्वतःच्या डोमेनच्या नावाऐवजी होस्टिंगवाल्यानं दिलेलं सर्व्हरचं नाव टाका. तिसरी शक्यता मूळ सर्टिफिकेटची, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं खरी धरली जातात त्याची. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं ज्या जुन्या मुळावर तोललेली होती, ते डीएसटी रूट सीए एक्स३ हे ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि ज्यांच्या यादीत नवं मूळ नव्हतं अशी जुनी मशीनं त्या दिवसापासून अडू लागली. विंडोज ७ ही यादी इंटरनेटवरून स्वतः भरून घेऊ शकतं, फक्त कुणीतरी 'मशीन हलकं करतो' म्हणून अपडेटशी संबंधित सगळंच बंद केलेलं नसावं.

हे सगळं करून लाइव्ह मेल कदाचित चालू होईल. तरी माझं मत विचाराल तर, त्याला चालू करायचं ते स्थलांतरापुरतं. कारण नुसतं जोडणी होण्याचं नाही. लाइव्ह मेल सजवलेली मेल दाखवण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन वापरतं, आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे अनोळखी माणसानं पाठवलेला मजकूर तुम्ही दुरुस्त्या थांबलेल्या इंजिनात उघडता. तोपर्यंत वापरायचंच असेल तर ऑप्शन्समध्ये सगळी मेल साध्या मजकुरात वाचण्याचा पर्याय चालू करा आणि प्रिव्ह्यूची पट्टी बंद ठेवा. दिसायला रूक्ष होतं, पण धोका बराच कमी होतो. थंडरबर्ड ११५ हेही विंडोज ७ वरचं शेवटचंच स्थानक आहे, याची कल्पना मला आहे. तरी ते बरं, कारण त्यातली मेल नंतर नव्या कॉम्प्युटरवर प्रोफाइलचं फोल्डर उचलून नेता येते, आणि जीमेलसाठी त्याला ओऑथ येतं, ॲप पासवर्ड लागत नाही.

स्थलांतर असं करा. थंडरबर्डमध्ये इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी हे ॲड-ऑन टाका. लोकल फोल्डर्सवर राइट क्लिक करून ईएमएल फाइली उपफोल्डरांसकट आत घेण्याचा पर्याय निवडा आणि बॅकअपची प्रत दाखवा, मूळ फोल्डर नव्हे. तोडलेली फोल्डरनावं इथं तशीच येतील, ती हातानं सुधारावी लागतात. त्यापेक्षा लाइव्ह मेल उघडत असेल तर त्याच्या फाइल मेनूतून मेल एक्स्पोर्ट करून ते फोल्डर आत घ्यायचं. वाचलेली-न वाचलेली ही खूण ईएमएल फाइलमध्ये नसते, ती लाइव्ह मेलच्या डेटाबेसमध्ये असते. त्यामुळं दहा वर्षांची मेल एकदम 'न वाचलेली' दिसली तर दचकू नका. फोल्डर निवडून सगळी वाचलेली म्हणून खूण करा.

एकाच वेळी सगळं आत ओतू नका. आधी एक लहान फोल्डर घ्या, तारखा, मराठी मजकूर आणि अटॅचमेंट नीट दिसतात का ते बघा. जुन्या मेलमधला देवनागरी मजकूर कधीकधी चौकोन किंवा प्रश्नचिन्हांसारखा दिसतो, तेव्हा व्ह्यू मेनूतून टेक्स्ट एन्कोडिंग दुरुस्त करून बघा. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांत लिहिलेली मेल असेल तर तो मूळ फॉन्ट मशीनवर असल्याशिवाय ती वाचता येणार नाही. जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी त्याचं फॉन्ट फोल्डरही घेऊन ठेवा, हे कुणी सांगत नाही.

लोकल फोल्डर्समधून मेल सर्व्हरवर चढवायची असेल, म्हणजे फोनवरही दिसेल, तर आयमॅप खात्याच्या फोल्डरात थोडी थोडी ओढत न्या. जीमेलच्या फुकट खात्याची जागा १५ जीबी आहे, आणि ती ड्राइव्ह आणि फोटोंबरोबर वाटून घ्यावी लागते, तेव्हा आधी हिशोब करा. गुगल वर्कस्पेसच्या खात्यांना आयमॅपनं दिवसाला ५०० एमबी चढवण्याची मर्यादा आहे, वैयक्तिक खात्यावरही मी तेवढ्याच बेतानं जातो. चढवून झाल्यावर लोकल प्रत लगेच पुसू नका.

लॅपटॉपला दोन जीबी रॅम असेल तर थंडरबर्ड जड वाटेल. सेटिंगमध्ये ग्लोबल सर्च आणि इंडेक्सर बंद करा, आणि ऑफलाइन ठेवायची मेल अलीकडच्या काही महिन्यांपुरती करा. जीमेलच्या वेबसेटिंगमध्ये 'ऑल मेल' हे लेबल आयमॅपमध्ये न दाखवण्याची सोय आहे. ती वापरली नाही तर तीच मेल दोनदा उतरते. एखादं फोल्डर रिकामं किंवा भलतंच दिसायला लागलं तर प्रॉपर्टीजमधलं रिपेअर बटण दाबा. बहुतेक वेळा मेल शाबूत असते, सूचीची एमएसएफ फाइल तेवढी बिघडलेली असते. आणि बॅकअप पेन ड्राइव्हवर घेताना तो फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. थंडरबर्ड एका फोल्डरची सगळी मेल एका फाइलीत ठेवतं, त्यामुळं मोठा इनबॉक्स इथं हमखास अडतो. ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या.

ज्यांच्याकडं याहून जुनं, म्हणजे विंडोज एक्सपी आणि आऊटलुक एक्सप्रेस आहे, त्यांनी वरची रेजिस्ट्रीची कसरत करू नये. एक्सपीच्या एन्क्रिप्शनची मजल टीएलएस १.० पर्यंतच आहे. त्यावर चालणारं शेवटचं थंडरबर्ड ५२ च्या मालिकेतलं. त्याच्याकडून ॲप पासवर्ड वापरून मेल आणता येते, पण एक्सपीचा सपोर्टच ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तेव्हा ते मशीन इंटरनेटवर ठेवणंच मला पटत नाही. आऊटलुक एक्सप्रेसची मेल डीबीएक्स फाइलींत असते, एका फोल्डरला एक फाइल, आणि ती २ जीबीला पोचली की इनबॉक्स फुटतो: नवी मेल दिसत नाही किंवा फोल्डर रिकामं होतं. अशा वेळी कॉम्पॅक्ट करण्याच्या सूचनेला 'हो' म्हणू नका. आधी त्या डीबीएक्स फाइलची प्रत बाहेर घ्या, मग पुढचं. फाइल धडधाकट असेल तर मेल निवडून सरळ डेस्कटॉपवरच्या फोल्डरात ओढा, त्यांच्या ईएमएल फाइली होतात आणि त्या पेन ड्राइव्हनं दुसऱ्या मशीनवर नेता येतात. इंटरनेट लागतच नाही.

प्रोग्राम सोडायचाच नाही, असा हट्ट असेल तर त्यालाही मार्ग आहे. स्टनेल नावाचा छोटा प्रोग्राम घरातल्या दुसऱ्या, नव्या मशीनवर बसवायचा. जुनं मशीन त्याच्याशी साध्या भाषेत बोलतं आणि तो पुढं सर्व्हरशी नव्या टीएलएसनं बोलतो. मधला टप्पा एन्क्रिप्शनशिवायचा असल्यानं तो घरच्या नेटवर्कबाहेर जाता कामा नये. ओऑथसाठीही असे मध्यस्थ आहेत. पण ते सांभाळायला दुसरं मशीन कायम चालू लागतं, आणि ज्याला ते सांभाळता येतं त्याला बहुधा नवा मेल प्रोग्राम शिकणं जड जात नाही.

मेल हलवण्याच्या घाईत पत्ते राहून जातात. लाइव्ह मेलचे संपर्क मेलच्या फोल्डरात नसतात, वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळं वरच्या बॅकअपमध्ये ते आलेले नाहीत. कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन सीएसव्ही म्हणून एक्स्पोर्ट करा, ती फाइल थंडरबर्ड आणि जीमेल दोन्ही घेतात. सह्या आणि मेसेज रूल्स हातानं उतरवून घ्यावे लागतात, रूल्सच्या खिडकीचे स्क्रीनशॉट काढले तरी पुरे. आणि आऊटबॉक्समध्ये अडकलेली एखादी जुनी मेल आहे का ते बघा. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, तिच्यावर गेलेली मेल तिथं महिनोन् महिने पडून असते आणि प्रत्येक 'सेंड-रिसीव्ह'ला एरर देत राहते. वर्क ऑफलाइन करून ती काढली की निम्म्या एरर आपोआप थांबतात.